सहा वर्षांची राणी आणि आपली जुनी सबब

नोव्हेंबर १३९६ मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पण तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅलेच्या सेंट निकोलस चर्चमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. नवरदेव एकोणतीस वर्षांचा बिजवर. नवरी फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाची लेक इझाबेल. तिची सात वर्षं पुरी व्हायलाही काही दिवस बाकी होते. दोन महिन्यांनी वेस्टमिन्स्टरला तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला गेला. इंग्लंडच्या इतिहासात राजाची बायको म्हणून एवढ्या लहान वयात राणी झालेली दुसरी कुणी नाही.

ही हकीकत सांगितली की ऐकणारा क्षणभर हळहळतो आणि मग ठरलेलं वाक्य टाकतो: ‘तेव्हा तसंच असायचं.’ इतिहासाबद्दल समंजसपणे बोलल्यासारखं हे वाक्य वाटतं. आजच्या मापाने जुन्या माणसांना मोजू नये, एवढाच त्याचा अर्थ असता तर माझी तक्रार नव्हती. पण त्याआडून आपण दुसरंच काही सांगत असतो: तेव्हा यात कुणाला काही खटकत नव्हतं, म्हणून कुणी दोषीही नव्हतं. हे मला मान्य नाही. एक तर ते खोटं आहे. आणि दुसरं म्हणजे हीच सबब आपण आजही वापरतो. फक्त ‘तेव्हा’च्या जागी ‘आमच्यात’ म्हणतो.

आधी व्यवहार काय होता ते पाहू. इंग्लंड आणि फ्रान्स यांचं युद्ध १३३७ पासून चाललेलं, दोन्ही खजिने खंगलेले. रिचर्डची पहिली राणी, बोहेमियाची ॲन, १३९४ मध्ये वारली. तिच्यावर त्याचा इतका जीव होता की ती जिथे गेली तो शीनचा राजवाडा त्याने पाडायला लावला. मूल झालेलं नव्हतं. अशा वेळी फ्रान्सकडून इझाबेलचं स्थळ पुढे आलं. मार्च १३९६ मध्ये पॅरिसला ठरलं ते असं: अठ्ठावीस वर्षांचा युद्धविराम आणि आठ लाख फ्रँकांचा हुंडा, त्यातले तीन लाख हातोहात. नवरदेवाच्या गैरहजेरीत, त्याच्या वकिलांमार्फत, म्हणजे राजदूतांमार्फत, वाङ्निश्चयही तेव्हाच उरकला. रिचर्डला पैसा हवा होता, आणि करासाठी पार्लमेंटपुढे हात पसरायचा नव्हता. फ्रान्सला सीमेवर शांतता हवी होती. प्रत्येकाला काही ना काही मिळत होतं. मुलीला काय मिळणार, या प्रश्नाला करारनाम्यात उत्तर आहे, पण ते तिच्या उत्पन्नाचं आणि दागिन्यांचं.

तेव्हाचा बखरकार फ्रॉइसार एक प्रसंग सांगतो. इंग्लंडचे वकील मुलीला बघायला गेले, त्यांच्यातला एक सरदार तिच्यापुढे गुडघे टेकून म्हणाला, देवाची इच्छा असली तर आपण आमच्या राणी व्हाल. पोरीने उत्तर दिलं: देवाच्या आणि वडिलांच्या मनात असेल तर मला आवडेलच, मी फार मोठी बाई होणार असं मला सांगितलंय. हा किस्सा तिच्या चुणचुणीतपणाचं कौतुक म्हणून सांगतात. मला त्यात घरच्यांनी पढवून घेतलेली मुलगी दिसते. पाहुणे यायच्या आधी काय बोलायचं ते घोकून घेतलेली मुलगी पाहण्यासाठी आपल्याला फ्रान्सला जायची गरज नाही.

इंग्लंडमध्ये या लग्नाला विरोध झाला का? झाला. पण तो फ्रान्सशी सलोखा नको म्हणून, आणि मुलगी एवढी लहान म्हणजे गादीला वारस मिळायला कितीतरी वर्षं थांबावं लागेल म्हणून. फ्रॉइसारच्या म्हणण्याप्रमाणे रिचर्डचं त्यावर उत्तर तयार होतं: वय काय, रोज वाढतंच आहे, आणि मीही तरुण आहे, थांबेन. मुलीच्या वयाची चर्चा झाली ती अशी, तिच्या कुशीच्या हिशेबाने.

इथवर वाचून ‘बघा, तेव्हा तसंच होतं’ असं कुणी म्हणेल. पण त्या काळाचा कायदाच वेगळं बोलतो. लग्नाचे नियम चर्चच्या हाती होते आणि ते स्पष्ट होते. सात वर्षांच्या आतल्या मुलाच्या शब्दाला काही अर्थ नाही. सातनंतर वाङ्निश्चय होऊ शकतो. लग्नाचं वय मुलीला बारा, मुलाला चौदा. त्याआधी लग्न लावलं असेल तर त्या वयाला पोचल्यावर मुलीला किंवा मुलाला ते झिडकारता येतं. म्हणजे लहान मुलाची संमती ही संमती नव्हे, हे चौदाव्या शतकात माहीत होतं. पाद्र्यांना माहीत होतं, वकिलांना माहीत होतं, राजांना तर होतंच होतं. इझाबेलच्या पुढच्या आयुष्यात तिच्या बारा वर्षांचा हिशेब दोन्ही दरबार बोटांवर मोजत बसले होते.

कायदा राहू दे, माणसांना काय वाटत होतं? यासाठी इझाबेलच्या आधी शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. पहिल्या एडवर्डची मुलगी एलेनॉर तेरा वर्षांची झाली तेव्हा तिला अरागॉनच्या राजघराण्यात पाठवायची घाई चालली होती. १२८२ मध्ये एडवर्डने कळवलं की मुलगी इतक्यात येणार नाही, तिचं वय कोवळं असल्याने तिची आई आणि माझी आई तयार नाहीत. या दोघी कोण? आई म्हणजे कॅस्टाइलची एलेनॉर, लग्नात स्वतः बारा-तेरा वर्षांची. आजी म्हणजे प्रोव्हान्सची एलेनॉर, तीही त्याच वयात अठ्ठावीस वर्षांच्या राजाच्या पदरात पडलेली. दोघी राण्या, दोघींना त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा ठाऊक, आणि दोघी नातीच्या-लेकीच्या आड उभ्या राहिल्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा तेच. मार्गारेट ब्यूफर्ट बाराव्या वर्षी एडमंड ट्यूडरला दिली गेली, तेरा वर्षांची असताना विधवा अवस्थेत बाळंत झाली. ते मूल पुढे सातवा हेन्री झालं, पण तिला नंतर एकही अपत्य झालं नाही. १४९८ मध्ये तिच्या नातीला स्कॉटलंडच्या राजाला द्यायची बोलणी सुरू होती. मुलीची नऊ वर्षंही पुरी झालेली नव्हती, राजा पंचविशीचा. हेन्रीने स्पॅनिश वकिलाला सांगितलं की माझी राणी आणि माझी आई या लग्नाच्या विरोधात आहेत. आत्ता लग्न लावलं तर मुलगी लगेच पाठवावी लागेल, तो राजा थांबणार नाही, आणि तिच्या जिवाला इजा करील, अशी त्यांना भीती आहे.

‘तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं’ हे वाक्य या बायकांच्या तोंडावर म्हणून बघावं. त्यांना वाटत होतं. ज्यांनी सोसलं होतं त्यांना वाटत होतं, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. मार्गारेटची नात शेवटी १५०३ मध्ये, तेरा वर्षांची असताना गेलीच. पण मधली चार-पाच वर्षं तिला मिळाली ती आजी आणि आईच्या हट्टामुळे, काळाच्या औदार्याने नव्हे.

‘तसंच असायचं’ हे तरी कुणाचं? इंग्लंडातल्या शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या, घरकामाला राहणाऱ्या मुलींची लग्नं त्या काळातही बऱ्याचदा विशीत गेल्यावर होत, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. आधी चार पैसे साठवायचे, मग संसार मांडायचा. कोवळ्या पोरींची लग्नं हा मुख्यतः जमीन, गादी आणि तह असणाऱ्या घरांचा रिवाज होता. तो सगळ्या काळाच्या नावावर खपवणं म्हणजे त्या काळातल्या गोरगरिबांवरही अन्याय आहे.

आता रिचर्डच्या बाजूचा मुद्दा, कारण तो खरा आहे. त्याने इझाबेलला वाईट वागवलं नाही. तिची विंडसरला राहायची सोय केली, तिच्यासाठी बायामाणसं ठेवली, भेटायला येई, आणि तिच्याशी लेकीसारखं वागे, असंच सगळ्या वृत्तान्तांतून दिसतं. १३९९ मध्ये आयर्लंडच्या मोहिमेवर निघताना त्याने तिला उचलून घेऊन पुन्हा पुन्हा मुके घेतले, असं एका फ्रेंच बखरीत आहे. पोरीलाही त्याचा लळा लागला होता. मग बिघडलं काय? बिघडलं हे की तिला मिळालेली माया रिचर्डच्या स्वभावात होती, तिच्या हक्कात नव्हती. नवरा चांगला निघाला हे नशीब. अशा लग्नांचं समर्थन नेहमी चांगल्या निघालेल्या नवऱ्यांची उदाहरणं देऊन होतं, आणि ते आपल्याकडेही होतं. शिवाय तिचं खरं नुकसान शयनगृहात झालंच नाही. ते दरबारात झालं.

रिचर्ड आयर्लंडात असताना त्याचा चुलतभाऊ हेन्री बोलिंगब्रोक हद्दपारीतून परतला आणि त्याने गादी बळकावली. सप्टेंबर १३९९ मध्ये रिचर्डला पायउतार केलं, फेब्रुवारी १४०० च्या सुमारास तो पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात मेला; उपासमारीने, असं बहुतेक मानतात. इझाबेल दहा वर्षांची विधवा. आणि विधवाही नुसती नव्हे, तर हुंड्याची चालतीबोलती पावती. तिला परत पाठवायचं तर करारानुसार पैसा परत करावा लागणार, आणि नव्या राजाकडे पैसा नव्हता. मग हेन्रीच्या माणसांनी जुनी वही उघडली: फ्रान्सचा राजा जाँ पूर्वी आमच्या कैदेत होता, त्याच्या खंडणीची थकबाकी तुमच्याकडेच निघते. तिचे दागिने हेन्रीच्या मुलांत वाटले गेले. शिवाय तिचं लग्न आपल्या थोरल्या मुलाशी, युवराज हेन्रीशी लावून द्यावं म्हणजे पैशाचा प्रश्नच मिटेल, असाही बेत निघाला. तिने आणि तिच्या माहेरने तो धुडकावला.

शेवटी १४०१च्या उन्हाळ्यात तिला माहेरी सोडलं. बारा वर्षं पुरी व्हायला तेव्हा काहीच महिने होते. फ्रान्सची घाई त्यासाठीच होती: बारा झाली की तिची ‘संमती’ कायद्याने ग्राह्य, आणि ती इंग्लंडच्या ताब्यात असताना ती संमती कोण कशी मिळवेल याचा नेम नाही. मुलीला संरक्षण म्हणून ठरवलेलं वय तिच्यावर झडप घालायची तारीख बनलं होतं. निघताना ती कशी दिसत होती ते ॲडम ऑफ अस्क या इंग्रज बखरकाराने लिहून ठेवलंय: काळे कपडे, हेन्री राजाकडे द्वेषाने रोखलेली नजर, आणि तोंडातून शब्द जवळजवळ नाहीच. सबंध हकीकतीत फक्त याच ठिकाणी तिने पढवलेलं काही बोलून दाखवलेलं नाही.

पाच वर्षांनी तिला पुन्हा उजवलं. १४०६ मध्ये चुलतभाऊ शार्लशी, ऑर्लेआँच्या ड्यूकच्या मुलाशी. ती सोळा, तो अकरा. इंग्लंडची राणी म्हणवून घेतलेली मुलगी या लग्नात रडत होती असं सांगतात. पुढल्याच वर्षी तिच्या सासऱ्याचा पॅरिसच्या रस्त्यात खून झाला. १३ सप्टेंबर १४०९ रोजी ब्लुआला मुलीला जन्म देऊन इझाबेल गेली. वय एकोणीस. मागे राहिलेला बाप आणि विधुर चौदा वर्षांचा होता. त्याचाही कुणी विचार करावा.

या राणीची आणखी एक गंमत आहे, कडवट. शेक्सपिअरने दुसऱ्या रिचर्डवर नाटक लिहिलं तेव्हा राणीला चक्क मोठी बाई केलं. राजाराणीच्या ताटातुटीचा प्रवेश नऊ-दहा वर्षांच्या पोरीला घेऊन रंगणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणजे दोनशे वर्षांतच तिचं बालपण प्रेक्षकांना पचेनासं झालं होतं, आणि उपाय म्हणून तिचं वय पुसलं गेलं. ‘तेव्हा तसंच असायचं’ यापेक्षा हे वेगळं काय? दोन्हीकडे मूल दिसेनासं होतं.

चर्चच्या या नियमांचा आपल्याशी संबंध नाही असं वाटत असेल तर रखमाबाई आठवाव्यात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं, आणि १८८४ मध्ये त्यांचा नवरा दादाजी भिकाजी याने मुंबईच्या हायकोर्टात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आलेला. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्हे यांनी तेच बोट ठेवलं आणि दावा फेटाळला. अपिलात चक्र फिरलं, १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. केसरीने रखमाबाईंच्या विरोधात बाजू घेतली, तीही आपली परंपरा वाचवायला. परदेशी चर्चचं हत्यार आणि देशी परंपरेची ढाल, एकाच मुलीवर दोन्ही. आणि साहेबाच्या देशाची प्रगती म्हणाल तर इंग्लंडमध्ये मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय बाराच होतं, थेट १९२९ पर्यंत. आपल्याकडे सारडा कायदा झाला त्याच वर्षी.

म्हणून आजचा प्रश्न. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत चित्र याहून वाईट आहे. तिथे ऊसतोडीची उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकटा गडी हा अर्धा कोयता. पोराचं लग्न लावलं की घरात एक कोयता वाढतो. सहा महिने तोडीला जायचं तर वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर. इथे कुणी आठ लाख फ्रँक मोजत नाही. पण मोठ्यांची अडचण मुलीच्या लग्नाने सुटते, हा हिशेब तोच आहे. फरक एवढाच की चार्ल्स आणि रिचर्डला दुसरे मार्ग होते, ऊसतोड कामगाराला फारसे नाहीत. म्हणून त्याच्यावर राजांइतका राग करणं मला जमत नाही. कारखाने, मुकादम आणि आश्रमशाळांचा विषय वेगळा आणि मोठा आहे.

कायद्याचा विषय मात्र इथलाच. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असं लग्न लावणं गुन्हा ठरवलं, पण लागलेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करून घ्यायचं तर ज्याचं लग्न लहानपणी लागलं त्याने अर्ज करायचा, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. चर्चच्या कायद्याची हीच तर तऱ्हा होती: बारा झाल्यावर मुलीने नाही म्हणावं. विंडसरला परक्यांच्या राज्यात राहणारी बारा वर्षांची मुलगी अठ्ठावीस वर्षांचा तह मोडून ‘नाही’ म्हणणार होती का? सासरी नांदणारी, कडेवर मूल असलेली एकोणीस वर्षांची मुलगी जिल्ह्याच्या न्यायालयात एकटी जाणार आहे का? कायदा हक्क देतो आणि तो वापरायचं ओझंही तिच्याच डोक्यावर ठेवतो.

याच कायद्याचं बारावं कलम मला सर्वांत बोलकं वाटतं. मुलीला पालकांच्या ताब्यातून पळवून, बळजबरीने, फसवून किंवा विकून लग्न लावलं असेल तर ते मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी लागलंच नाही. आईबापांनी राजीखुशीने, मांडव घालून, हळद लावून दिलं असेल तर मात्र ते उभं राहतं. धोका बाहेरच्याकडून येतो आणि पालक म्हणजे राखणदार, असं गृहीत धरलेलं दिसतं. इझाबेलला पळवून कुणी नेलं नव्हतं. कॅलेजवळच्या माळावर तंबू ठोकून, दोन्ही बाजूंना शेकडो सरदार उभे करून, बापाने तिला स्वतःच्या हाताने दिलं.

कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती करून असे सगळे विवाह सुरुवातीपासूनच शून्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याची वाखाणणी केली आणि इतर राज्यांनीही तसं करावं असं सुचवलं. माझं मतही तेच. याला स्त्रियांच्या बाजूने लढणाऱ्या काही वकिलांचाच आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही: लग्नच शून्य ठरलं तर पोटगी कशाच्या जोरावर मागायची, मुलांचं काय? पण रद्द झालेल्या लग्नातही मुलीला पोटगी आणि निवारा, आणि मुलांना औरसपणा, हे सध्याच्या कायद्यात आहेच. तेच संरक्षण शून्य विवाहाला जोडून देता येतं. लग्न जिवंत ठेवणं हा त्याचा एकच मार्ग नाही. दुसरी भीती मला जास्त खरी वाटते. २०२३ मध्ये आसाम सरकारने हजारो नवऱ्यांना आणि नातेवाइकांना उचललं तेव्हा पोटुशा बायका पोलीस ठाण्यांपुढे बसल्या होत्या. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मनाने पळून गेली की हेच कायदे बाप तिच्यावर सूड म्हणून वापरतो. म्हणून लग्न शून्य ठरवणं आणि सरसकट तुरुंगात डांबणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिलीची गरज आहे. दुसरीने मुलीचं भलं झाल्याचं मला दिसत नाही.

आणि एक फट अजून उघडी आहे. ऑक्टोबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवलं की लहानपणी ठरवून टाकलेल्या वाङ्निश्चयांवरही बंदीचा विचार व्हावा, कारण २००६चा कायदा त्यांना पुरेसा हात घालत नाही. लग्न उद्यावर आलं असेल तर दंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतो. पण ‘सुपारी आज फोडतोय, लग्न अठरा पुरी झाल्यावरच’ असं म्हटलं की पकडायला काही उरत नाही. मुलीची शाळा मात्र त्या दिवसापासून ‘आता कशाला’ या खात्यात जाते. इझाबेल खरी बांधली गेली ती नोव्हेंबरात कॅलेला नव्हे, मार्चमध्ये पॅरिसला, वकिलांनी सह्या केल्या तेव्हा. थांबवायचं असतं तर ते तिथेच.